त्याच्या हातची माझी सही

माझा मुलगा पाहुण्यांना हौसेने सांगतो की, बाबांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून वसुली कंपनीच्या वकिलाची बोलती बंद केली. हे खोटे आहे. मी त्या पिंजऱ्यात जेमतेम दहा मिनिटे होतो आणि त्यांतली अर्धी वकिलाने कागद शोधण्यात घालवली. पंचवटीतल्या आमच्या जुन्या गल्लीत मात्र अजून बोलले जाते की, घर वाचवण्यासाठी मी मेलेल्या मित्राला लबाड ठरवले. हेही मला मान्य नाही. पण का मान्य नाही हे सांगायला मला बरेच शब्द लागतात. ते आज लिहून ठेवतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. तो माझा मित्र शेजारच्या टेबलावर लिपिक. नव्वदच्या दशकात सुरगाणा-पेठच्या डोंगरांत बंधाऱ्यांची सर्वेक्षणे चालत आणि मी महिना-महिना तिकडे असे. फिरतीवर जाणाऱ्याने आपली सही शेजारच्या टेबलावर ठेवून जायचे, ही आमच्या कचेरीची रीत होती. प्रवासभत्त्याची बिले, पतपेढीचे अर्ज, सणाची उचल, सगळ्यांवर माझी सही तो करी. आज याला कोणी गैरप्रकार म्हणेल. खुशाल म्हणावे. त्या रीतीवर आमच्या घरांत वेळेवर पगार पोहोचले.

पगार बँकेत जमा होऊ लागला तेव्हाही मी डोंगरातच होतो. खाते उघडण्याचा अर्ज आणि नमुना सहीचे कार्ड त्यानेच भरले. परत आल्यावर मी पैसे काढायला गेलो, तर रोखपालाने स्लिप परत सरकवली.

"साहेब, सही जुळत नाही."

"माझी सही मला शिकवता?"

"कार्ड बघा ना. शेवटी केवढी लांब शेपूट आहे."

हा मागे उभा राहून हसत होता. "ओढ की जरा शेपूट! तुझी सही तुलाच येईना होय रे?"

मी शेपूट ओढली. त्या दिवसापासून बँकेत मी त्याच्यासारखी सही करू लागलो आणि बाकी सगळीकडे माझ्यासारखी.

त्याची बायको गल्लीत पिठाची गिरणी चालवी. जुने यंत्र थकले, तेव्हा त्याने एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढायचे ठरवले. मी पेठच्या विश्रामगृहावर होतो. तिथे त्याचा फोन आला.

"जामीनदार पाहिजे. उद्याच कागद द्यायचेत. करू का तुझी?"

"विचारतोस काय? कर. आणि शेपूट नीट काढ."

एवढेच बोलणे झाले. त्याने हप्ते एकही न चुकवता भरले, हे मी ठासून सांगतो, कारण तो बुडवा होता असेही पुढे लोकांनी सांगितले. तो हृदयविकाराने गेला आणि मग हप्ते थांबले. फायनान्स कंपनीने गाशा गुंडाळला; तिची येणी एका वसुली कंपनीने विकत घेतली. त्या कंपनीची दोन माणसे माझ्या फाटकाशी येऊन मोठमोठ्याने बोलू लागली, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "हिंमत असेल तर कोर्टात या." ते आले. प्रतिवादी क्रमांक एक, त्याची बायको. क्रमांक दोन, मी. व्याजासह मूळ कर्जाच्या दुपटीहून अधिक मागणी होती आणि माझ्या घरावर जप्ती मागितली होती. घराशिवाय माझ्याकडे काही नव्हते.

माझ्या वकिलांनी जामिनाचा कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

"ही सही तुमची?"

"त्याने केलेली आहे."

"मग झालं तर! सही माझी नाही, एवढंच म्हणायचं. विचारलं तेवढंच सांगायचं, काका."

त्यांनी शपथपत्र टंकून आणले. त्यात 'सदर सहीस माझी संमतीही नव्हती' असे वाक्य होते. ते मी खोडायला लावले. वकील हसले. "खोडू की. कोण बघतंय!" त्या खोडलेल्या ओळीचा मला कित्येक वर्षे अभिमान होता. मी शपथेवर खोटे बोललो नाही.

तारखांना त्याची बायको माझ्या आधी येऊन बाकावर माझी जागा धरून ठेवी. तिला वकील परवडत नव्हता. पुकारा होईपर्यंत आम्ही दोघे गुडघ्यांवर पिशव्या घेऊन बसत असू, आणि ती माझ्या पत्नीच्या तब्येतीची विचारपूस करी.

कंपनीच्या तरुण वकिलाकडे त्या दिवशी असल्याच दाव्यांचा गठ्ठा होता. त्याने विचारले, "सही तुमची आहे?" मी म्हणालो, "नाही." "मग कोणाची?" "मी करताना पाहिले नाही." हेही खरेच होते. संमती होती का, हे त्याने विचारले नाही. बँकेतले कार्डही त्याने मागवले नाही. मागवले असते तर माझे घर गेले असते. नमुन्यादाखल मी कोर्टात सह्या केल्या, आखूड शेपटीच्या. सेवापुस्तकातल्याही तशाच होत्या.

निकालात माझ्याविरुद्धचा दावा फेटाळला. सही कर्जदारानेच बनावट केली असावी, असे त्यात लिहिले होते, आणि हुकूमनामा तिच्यावर झाला. मी त्याला लबाड म्हटले नाही. न्यायाधीशांनी म्हटले, मी ते म्हणू दिले.

गल्लीचे म्हणणे असे की, त्या बिचारीला यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक होते. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती माझ्याशेजारी थांबली.

"भाऊजी, त्या दिवशी एसटीडी बूथवर नंबर मीच फिरवून दिला होता."

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"शेपटीचं ऐकून हे केवढे हसले होते," ती म्हणाली आणि पिशवी सावरत रिक्षाच्या थांब्याकडे गेली.

म्हणजे प्रत्येक तारखेला, माझ्याशेजारी बसून, ती हे जाणून होती. तिने ते कोर्टात का सांगितले नाही, हे मी तिला कधी विचारू शकलो नाही.

गिरणी विकली गेली. ती भावाकडे येवल्याला राहायला गेली. वर्षभराने मी पैशांचे एक पाकीट घेऊन तिकडे गेलो. तिने चहा केला, माझ्या पत्नीची चौकशी केली आणि पाकीट माझ्याकडे परत सरकवले.

"ठेवा ते, भाऊजी. घेतलं तर पोच लिहून द्यावी लागेल. आमच्या घरच्या सहीवर आता कोण विश्वास ठेवणार?"

त्यानंतर मी येवल्याला गेलो नाही.

घर माझ्याच नावावर आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत जातो. जुने कार्ड बदलून घ्या, असे मुलगा सांगतो. मी घेत नाही. शेवटची रेघ मी अजूनही लांबवर ओढतो. समोरची मुलगी कार्डाशी सही ताडून पाहते, "जुळतेय हं, आजोबा," म्हणते आणि शिक्का मारते.