भागोजीची उसण

रंगू आईच्या पोटातून पायांनी बाहेर आली आणि त्या एवढ्या कर्तबगारीवर तिने जन्मभर दिवेआगरात मान मिळवला. कोणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस कण्हत-कुंथत तिच्या पडवीत येऊन पालथा पडायचा. पायाळू बाईने पाठीवर पाय दाबून लाथ मारली की उसण पळते, अशी गावाची खात्री. पैसे मात्र घ्यायचे नाहीत. एरवी सुपाऱ्या सोलणाऱ्या रंगूला कोण विचारणार? पण तिची लाथ खायला सरपंचसुद्धा यायचे, आणि ती ते मिरवायची. का मिरवू नये?

धाकट्या भावापुढे मात्र तिचा पाय हरला होता. भागोजीचा जन्म नारळ-सुपाऱ्या उतरवण्यात गेलेला. पावसाळ्यापासून त्याची पाठ ठणकत होती. रंगूने दोनदा लाथ मारली, पण उसण काही हलेना. उलट तो वाळत चालला, अर्ध्या माडावर धाप लागायची, पाण्याची तहान भागेना, कूस बदलताना ओरडायचा. शेवटी माणगावला नोकरी करणारी त्याची मुलगी प्राप्ती त्याला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, फोटो काढले, कमरेच्या हाडातला मगज काढून मुंबईला तपासायला पाठवला.

आज सकाळी भागोजी पुन्हा आला आणि पडवीत पालथा झाला.

"घाल आक्का. या टायमाला जोरात घाल."

रंगूने पदर खोचला, तोच फोन वाजला. प्राप्तीचा होता.

"आत्या, बाबा तुझ्याकडे आलेत ना? त्यांच्या पाठीला पाय लावू नको! हातसुद्धा नको!"

रंगू फोन घेऊन मागच्या दारी गेली. डॉक्टरांनी समजावलेलं सगळं प्राप्ती रडत रडत सांगत होती. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं. तिथल्याच काही पेशी, ज्यांनी रोगाशी लढायचं, त्याच बिघडून बेसुमार वाढल्या होत्या. चांगल्या रक्ताला जागा उरली नाही, म्हणून धाप. हाडं आतून पोखरली, म्हणून ठणका. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरत होतं, म्हणून ती तहान. मूत्रपिंडंही दमली होती. मल्टिपल मायलोमा, रक्ताचा कॅन्सर. एक मणका इतका पोकळ झाला होता की धक्का बसला तर मोडेल, आणि पाय कायमचे जातील.

"बरा होतो का गं?"

"मुळापासून जात नाही म्हणाले. पण औषधांनी दाबून ठेवतात, वर्षानुवर्षंसुद्धा. मी अँब्युलन्स घेऊन निघालेय. तोवर त्यांना सांभाळ, आत्या."

याच पायाने आपण त्या मणक्यावर दोनदा भार दिला, हे आठवून रंगूने खोचलेला पदर सोडला. ती पडवीत आली.

"पडून ऱ्हा भागोजी. मी न्हाय घालणार लाथ."

"पोरीने शिकवलं व्हय?" भागोजी भडकला. "तू न्हाय तर बोर्लीला दुसरा पायाळू हाय. आत्ता रिक्षा करून जातो!"

आणि रागाच्या भरात तो हातांवर जोर देऊन उठायला लागला. पाठ ताणली.

"हलू नको!" ती किंचाळली.

तो थिजला. मग हळूच खाली टेकला, गाल जमिनीला लावून.

"आक्का, तू लाथ मारलीस तर ती उसण. तू न्हाय म्हणालीस तर मग..."

म्हणजे गड्याला सगळं कळलं होतं! डॉक्टरांचा चेहरा त्यानेही पाहिला होताच की. नुसता पाय टेकवला असता तरी त्याचं समाधान झालं असतं. रंगूचा पाय उचललाही गेला. पण समाधान झालं की हा बाबा उद्या माडावर चढणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

तिने पाय मागे घेतला. त्याच्या डोक्याशी बसून तिने त्याच्या केसांत हात घातला.

"ही उसण न्हाय, भागोजी. रक्ताचा कॅन्सर हाय."

रंगू रडत होती आणि लपवत नव्हती.

"औषध हाय?"

"हाय. प्राप्ती गाडी घेऊन येतेय."

भागोजीने चाचपडत तिचा हात धरला.

"मग इथंच बस," तो म्हणाला. "ती येईपर्यंत मला हलू देऊ नको."