सासूबाईंची अर्धी राहिलेली कादंबरी

माझं माहेर रत्नागिरी शहरातलं. घरात पुस्तकं होती, वडील वाचणारे होते आणि मी मराठी शाळेत चार इयत्ता शिकले होते. लग्न होऊन हेदवीच्या बाजूच्या एका गावात आले तेव्हा मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की इथं घरात छापलेला कागद म्हणजे एक पंचांग. नवरा मुंबईला पेढीवर होता, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. घरात सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची.

गावात वाचनालय मात्र होतं. मुंबईला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी पुस्तकं पाठवली होती आणि देवळाच्या धर्मशाळेतल्या एका खोलीत दोन कपाटं ठेवून ते सुरू केलं होतं. मामंजी त्याचे चिटणीस. रोज दुपारची झोप झाली की ते खांद्यावर उपरणं टाकून किल्ल्या घेऊन जायचे. तिथं पुरुषमंडळी बाकावर बसून पुण्यामुंबईची वर्तमानपत्रं वाचायची. बायकांनी येऊ नये असा काही नियम नव्हता. नियम करायची वेळच आली नव्हती, कारण कधी कोणी बाई त्या दारात गेलीच नव्हती.

एकदा मामंजींनी एक जाड पुस्तक घरी आणलं. पुठ्ठा सुटला होता, खळ लावून चिकटवायचा होता. खळ वाळेपर्यंत त्यांनी ते पडवीतल्या खिडकीत ठेवलं. सुपारीचे दिवस होते. सासूबाई आणि मी दुपारी पडवीत सुपाऱ्या सोलायला बसायचो. सासूबाई पाणी प्यायला आत गेल्या तेवढ्यात मी ते पुस्तक उघडलं आणि हातातली सुपारी हातातच राहिली. कादंबरी होती. एका सावकाराच्या मुलीचं गलबत वादळात फुटतं, ती परक्या राज्यात किनाऱ्याला लागते आणि तिथल्या राजवाड्यात दासी म्हणून राहते.

सासूबाई परत आल्या कधी ते मला कळलंच नाही. वर पाहिलं तर त्या तांब्या घेऊन समोर उभ्या.

मी पुस्तक मिटलं. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं. त्या खाली बसल्या, सोलणी हातात घेतली आणि म्हणाल्या, "काय आहे गो त्यात?"

"गोष्ट आहे."

"मग एकटीच काय गिळत्येस? मोठ्यानं वाच. तुझ्या वाटच्या सुपाऱ्या मी सोलत्ये."

अशी आमची वाचनाची सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मीठ मागायला आल्या आणि मीठ न घेताच बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या सुपाऱ्याच घेऊन आल्या. आमच्याकडे मासे घेऊन येणारी एक खारवीण होती, तोंडानं फटकळ पण मनानं मोकळी. ती एरवी पाटी खाली ठेवून दोन शब्द बोलायची आणि निघायची. आता ती पडवीसमोरच्या खळ्यात पायरीशी टेकून ऐकत राहायला लागली. उठताना म्हणायची, "म्होरं वाचू नका हां माझ्याबिगार." आणि तिथून निघाली की पुढच्या प्रत्येक दारात माशांबरोबर गोष्टीचा तेवढा भाग सांगून यायची. संध्याकाळी विहिरीवर गेले की ज्यांनी पुस्तक डोळ्यांनी पाहिलं नव्हतं अशा बायका मला विचारायच्या, "काय गो, त्या पोरीला राणीनं घालवली काय?"

सासूबाई तर त्या मुलीच्या आईच झाल्या होत्या. तिचा नवरा तिला शोधत त्याच राजवाड्यात येतो, समोर उभा राहतो आणि तिला ओळखत नाही, तिथं त्या भयंकर चिडल्या. "हिनं बोलायला नको? तोंड शिवलंय काय हिचं?" काकू म्हणाल्या, "तिची काहीतरी अडचण असेल." त्यावरून दोघींचं दुपारभर वाजलं. खारवीण मध्ये पडून म्हणाली, "त्याला डोळं न्हाईत काय? बायलीला वळखत न्हाय तो!"

आता हसू येतं, पण त्या दुपारी पडवीत बसलेल्या आम्हा चौघींना ती राजवाड्यातली पोर कोणी खोटी आहे असं वाटतच नव्हतं.

शिमगा झाला आणि मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाले. पुस्तक निम्मंच झालं होतं. नवरा समोर उभा आणि ती गप्प, तिथंच आम्ही थांबलो होतो. सासूबाईंनी माझी ओटी भरली, डोळे पुसले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "तब्येत जप. आणि त्या पुस्तकाचं आता काय करायचं गो?"

मी म्हटलं, "मामंजींना वाचून दाखवायला सांगा की."

जयगडला आगबोट धरून मी रत्नागिरीला गेले. ज्येष्ठात मला मुलगी झाली. तोवर आगबोटी बंद झाल्या होत्या. सगळा पाऊस मी माहेरीच काढला. मुलीला दुपट्यात घेऊन बसले की कधीकधी मलाच त्या राजवाड्यातल्या मुलीची काळजी वाटायची. माहेरच्या ओळखीनं शहरातल्या वाचनालयातून तीच कादंबरी मिळवता आली असती. पण खारविणीचं ते "माझ्याबिगार वाचू नका" आठवायचं आणि एकटीनं पुढं वाचावंसं वाटत नसे.

गणपती झाले, आगबोटी सुरू झाल्या आणि मी परतले. होडीतून खाडी ओलांडली, बैलगाडीत बसले आणि तिसऱ्या प्रहरी घरी पोचले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीला छातीशी घेतलं, तिचं नाक कोणावर आणि कपाळ कोणावर ते ठरवलं. हातपाय धुऊन मी पडवीत टेकले तर खिडकीत तेच पुस्तक.

"हे अजून इथंच? मामंजींनी परत नेलं नाही?"

काकू मुलीला बघायला आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासूबाई मात्र गंभीर. त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर दिलं, पुस्तक घेतलं, खूण घातलेलं पान काढलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागल्या. "ते…व्हा… ती… म्ह…णा…ली…"

मी माहेरी गेले तेव्हा यांना एक अक्षरही ओळखता येत नव्हतं. त्या एक ओळ पुरी करून दमल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "तू येईपर्यंत पुढचं कोणालाच सांगितलं नाही. मी आणि ही काकू, दोघीच इथवर पोचलोय. आता तू वाच, माझं फार हळू होतं."

मग काकूंनी मला सगळं सांगितलं. मी गेल्यावर सासूबाईंनी मामंजींना वाचायला बसवलं होतं. मामंजींनी मान्य केलं, पण ते वाचायचे कचेरीतला अर्ज वाचावा तसं, एकाच सुरात. शिवाय त्यांना वर्णनं आवडत नसत, ती ते गाळत. सासूबाईंना ते दोन दिवसांत कळलं.

"तुम्ही मधलं सोडता," त्या म्हणाल्या. "ती काय म्हणाली ते सांगता. कशी म्हणाली ते सांगत नाही."

"ते महत्त्वाचं नाही," मामंजी म्हणाले.

"तेच महत्त्वाचं आहे."

मामंजी वैतागले. "मग तूच वाच."

"शिकवा."

मामंजींना वाटलं, रागात म्हणते आहे, उद्या विसरेल. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या पाटावर राख पसरून त्यांच्यापुढं येऊन बसल्या. तेव्हापासून पार पावसाळा सरेपर्यंत मामंजींची दुपारची झोप गेली. आजीआजोबा झालेले ते दोघं भर दिवसा पडवीत समोरासमोर बसायचे, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आतून मामंजींचा आवाज यायचा, "काना विसरलीस. पुन्हा काढ." काकू सुरुवातीला हसायला म्हणून गेल्या होत्या. मग त्यांनीही आपला पाट नेला.

वाचनालयाचं पुस्तक पंधरवड्यात परत करायचं असा नियम होता आणि तो मामंजींनीच केला होता. पावसाळाभर पुस्तक घरात राहिलं तेव्हा मंडळींनी कुरकूर केली. मामंजींनी त्यांना सांगितलं, "पुठ्ठा अजून वाळत आहे." पाऊस होता, म्हणून ते खपून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघी पुन्हा पडवीत बसलो आणि ते पुस्तक संपवलं. शेवटची पानं सासूबाईंनी माझ्याकडून काढून घेतली आणि स्वतः वाचली. वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. ती मुलगी अखेर भर दरबारात बोलते. ते वाचून झाल्यावर खारवीण उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. मग वाटेवरून तिची आरोळी ऐकू आली, "बोलली गो बाय, बोलली!" ती म्हावरं विकायचं सोडून आधी तेच सांगत चालली होती.

आता दुसरं पुस्तक हवं होतं. मामंजींनी एक पातळसं आणलं. त्यात मुलींनी कसं वागावं ते लिहिलेलं होतं. सासूबाईंनी पहिलं पान लावून वाचलं आणि मिटलं. "हे मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला निवडता येत नाही. मीच येत्ये."

मामंजी म्हणाले, "तिथं पुरुषमंडळी असतात."

"असू देत. मी काय त्यांचं वर्तमानपत्र ओढून घेणार आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई, काकू आणि कडेवर मुलगी घेतलेली मी, अशा आम्ही देवळाकडे निघालो. काकू वाटेत दोनदा परत फिरायला निघाल्या. दारात पोचलो तशी आतली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली. मंडळी आमच्याकडे बघायला लागली. मामंजी टेबलाशी बसले होते, त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

सासूबाई उंबऱ्याच्या आत आल्या. समोरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांची पाटी होती. त्यांनी ती बघितली आणि, सवयीनं असेल किंवा काय बोलावं ते न सुचून असेल, बोट वर करून मोठ्या आवाजात वाचायला लागल्या. "शां…त…ता… रा…खा…वी."

मग बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना हसू फुटलं आणि मग कोणालाच आवरेना. सासूबाई आधी गोंधळल्या, मग पाटीवर काय लिहिलंय ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्याही हसायला लागल्या. माझी मुलगी घाबरून रडायला लागली. मामंजी उठले, किल्ली लावून कपाट उघडलं आणि बाजूला झाले.

"कुठलं हवं?" त्यांनी चिटणिसाच्या आवाजात विचारलं.

"जाड बघून द्या," सासूबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "नको. मीच बघत्ये."

त्यांनी एकेक पुस्तक काढून नाव वाचलं. मंडळी वर्तमानपत्रांत तोंड घालून बसली होती, पण पान कोणी उलटत नव्हतं. एखादं जोडाक्षर अडलं की बाकावरून कोणीतरी हळूच सांगायचं.

पुढं दोनतीन गृहस्थांनी हरकत घेतली. मामंजींनी त्यांना नियम काढून दाखवला. त्यात लिहिलं होतं, गावातल्या कोणासही वाचनाचा लाभ घेता येईल. ते म्हणाले, "कोणासही म्हणजे कोण, ते तुम्हीच सांगा." त्यावर वाद काही दिवस चालला आणि मग आठवड्यातली एक दुपार बायकांसाठी ठेवावी असं ठरलं. सासूबाईंना एक दुपार कमी वाटली, पण त्या म्हणाल्या, आत पाय तर ठेवला.

दिवाळीच्या आधी मुंबईकरांनी पुस्तकांची नवी ट्रंक पाठवली. यंदा बायकांसाठीही पाहून पाठवा, असं मामंजींनी त्यांना कळवलं होतं. जयगडला आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात ट्रंक उतरवताना लाट आली आणि ती निम्मी पाण्यानं भरली. गाडीवान ती घेऊन आला तेव्हा कोपऱ्यातून खारं पाणी ठिबकत होतं. मामंजी कपाळाला हात लावून बसले.

सासूबाईंनी खळ्यात सुपारी वाळवायच्या चटया अंथरल्या. आम्ही पुस्तकं उभी उघडून मांडली, ओल्या पानांमध्ये काड्या घातल्या. वाडीतल्या बायका मदतीला धावल्या. खारविणीनं कावळे आणि कोंबड्या हाकायचं काम घेतलं. थोड्या थोड्या वेळानं प्रत्येकीनं आपल्यासमोरच्या पुस्तकाची पानं उलटायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊन लागेल, असं ठरलं होतं.

थोड्या वेळानं मी मुलीला पाजून बाहेर आले तर पानं उलटायचं काम कधीच थांबलेलं. काकू एका पुस्तकावर ओणव्या झाल्या होत्या आणि ओठ हलत होते. विहिरीपलीकडची एक नवी सून, जिला वाचता येतं हे आम्हाला कोणाला ठाऊकच नव्हतं, ती दोघींना वाचून दाखवत होती. ज्यांना येत नव्हतं त्या चित्रं बघत होत्या आणि खाली काय लिहिलंय ते विचारत होत्या. खारवीण काठी आडवी टाकून त्यांच्यातच बसली होती, आणि एक कोंबडी चटईवरून निवांत चालत चालली होती.

मामंजी दारात आले. "अगो, उलटा कोणीतरी! चिकटतील सगळी."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "एवढं पान होऊ दे."