शालनआक्का आणि शेजारचं गाजर गवत

दाजींचा फोन आला तेव्हा मी शिरोलीला कारखान्यात होतो. मागं मशीनचा खणखणाट, आणि दाजी एवढंच म्हणाले, "आक्का गेली रं..." माझी थोरली बहीण शालनआक्का कोडोलीला नात्यातल्या बारशाला गेली होती. त्या घरामागचं पडीक रान गाजर गवताच्या फुलांनी पांढरं झालेलं. तिला धाप लागली. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच, गळ्यातली पोत ओढून तोडत ती गेली.

नव्वदच्या सुमारास ती कसबा बावड्याच्या नव्या वसाहतीत राहायला आली, तेव्हा तिला साधं पडसंही होत नसे. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर हे गवत माजलं आणि दर भादव्यात ती शिंकांनी हैराण व्हायला लागली. मानेची कातडी रक्त येईपर्यंत ओरबाडायची. डॉक्टर म्हणाले, फुलांतल्या परागकणांची ॲलर्जी. आक्का प्लॉटमालकाकडं गेली. "तुमास्नी शिंका येत्यात म्हणून मी गडी लावू व्हय?" म्हणत त्यानं तिला हसून वाटेला लावलं.

मग एका दुपारी श्वास कोंडून तिच्या लहानग्या लेकीचे, मंगलचे ओठ निळे पडले. पोर वाचली... तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला, उशाशी दाजी. आक्का तिथून उठली ती थेट प्लॉटवर. फुललेलं गवत मुळासकट उपटून भारा घेऊन मालकाच्या सोप्यात शिरली. तो जेवत होता. तिनं त्याची मानगूट धरून तोंड त्या भाऱ्यात दाबलं. "घे की आता श्वास. माझ्या लेकीनं घेतला तसा." मालकाच्या भावानं दांडकं घातलं. कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलं, फुटलेल्या बांगड्या मनगटात घुसल्या, तरी तिची पकड सुटेना. मी पोचलो तेव्हा तिघं मिळून तिला ओढत होते.

चौकीत हवालदार म्हणाला, "गवतापायी माणूस मारताय, बाई?"

"गवतानं माझी पोर मारली असती, सायेब," आक्का म्हणाली.

मालकानं प्लॉट साफ केला. पण तेच गवत मागच्या गल्लीत होतं, रस्त्याकडेला होतं. मंगल मोठी होत गेली तसा तिचा त्रास कमी झाला. आक्काचा मात्र दरवर्षी वाढत गेला.

परवा बावड्याला गेलो. परसात लख्ख ऊन, आणि दाजी स्वयंपाकघरात दोरीवर ओला सदरा वाळत घालत होते. बाहेरच्या कपड्यांवर पराग बसतात म्हणून आक्का सगळं घरातच वाळवायची. मी म्हणालो, "दाजी, आता भाईर घाला की."

त्यांनी सदऱ्याची बाही ओढून सरळ केली. "न्हाय... अजून फुलं गळाली न्हाईत."