वालाला मोड येईपर्यंत

खांब गावातल्या आमच्या घरासमोर गाडी उभी, बॅगा चढवलेल्या, आणि आईचा सवाल, "टोरांटो किती लांब गो?" म्हटलं, साडेबारा हजार किलोमीटर. तिला काही बोध झाला नाही. मग सांगितलं, मधे विमान बदलायचं धरून दारापासून दारापर्यंत दीड दिवस. तशी ती खुलली. "म्हंजे वालाला मोड येतात तेवढंच की! तिकडून निघालीस की फोन कर. मी भिजत घालीन. येशील तवर बिरडं."

आणि खरंच, पहिली काही वर्षं हे गणित चुकलं नाही. इकडे मी घराला कुलूप लावलं की तिकडे वाल पाण्यात. पेणच्या ट्रॅफिकमध्ये रखडले, पुढे गडब गावात चहाला थांबले, तरी मी दारात पोचायचे तेव्हा ती पाटावर बसून वाल सोलत असायची. "हात धू नि बस सोलायला." झालं स्वागत! साता समुद्रापलीकडून आलेल्या लेकीला कुणी असं म्हणतं का? पण मला तेच हवं असायचं.

मग नवऱ्याची नोकरी गेली आणि इथे राहायच्या परवान्याचे आमचे कागद लटकले. वकीलबाई म्हणाल्या, इथे राहा खुशाल, पण देशाबाहेर पाऊल टाकलंत तर परत घेतील याची खात्री नाही. नवरा इथे, पोरीची शाळा इथे. गावाकडचे तुम्ही म्हणता, विमानात बसलं की आलं. अहो, बसायचं कसं? विमानं रोज डोक्यावरून जातात आणि मी खिडकीत उभी. उंदराच्या पिंजऱ्यात निदान खोबऱ्याचा तुकडा तरी असतो!

अशातच आई अंगणात पडली, खुबा मोडला. दादाचा फोन आला आणि मी रडत ओरडले, "तिला सांग, मी निघालेच!" बॅग भरायला घेतली. पोर दारात येऊन उभी राहिली. "आई, तू परत येणार ना?" मी बॅगेवरच बसले. बसूनच राहिले.

तिकडे फोन करून सांगायचं धाडस होईना. दुसऱ्या दिवशी रात्री केला, तर आईनेच उचलला.

"कुठवर आलीस? पेण गेलं काय? दादाला भिजत घालायला लावले. मोड मस्त आलेत. पडल्या पडल्या सोलतेय."

"आई, मी निघालेच नाय गो."

सोललेला वाल ताटलीत टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. दादाच्या पोरांना आवडतात."

आता ती काठी घेऊन चालते. आमचे कागद अजून तिथेच आहेत. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला खांबचं दारही आठवत नाही, आठवतो फळीवरचा कोरड्या वालांचा डबा. दर रविवारी फोन लावते. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. तिचा पहिला प्रश्न एकच.

"भिजत घालू काय गो?"

"नको आई. अजून नको."