आईंची मिशरी आणि पुण्याच्या दोन फेऱ्या

पुण्यात काय बघावं, याच्या याद्या तुम्हाला कुठेही मिळतील. आम्ही गेलो होतो दातांच्या डॉक्टरकडे, आणि तरीही तो प्रवास अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, लहानपणापासून मिशरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर घासायची. कराडजवळच्या आमच्या गावात म्हाताऱ्या बायकांचं दात घासणं म्हणजे हेच. दाढ दुखते म्हणून कराडला दाखवलं, तर डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. "पुण्याला दाखवा, टाळू नका," ते म्हणाले. आईंनी पिशवी भरली. त्यात मिशरीची डबीही होती.

कराडहून स्वारगेटला एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट. सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊ नका, खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागते. स्वारगेटला उतरून मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलून रामवाडीला गेलो आणि तिथून रिक्षाने खराडी. माझी नणंद स्वाती तिथे आयटीत नोकरी करते.

सकाळी स्वातीच्या घरात बॅटरीवरचा ब्रश घूं घूं करत होता. तिची चार वर्षांची इरा स्टुलावर उभी राहून स्ट्रॉबेरीच्या पेस्टने दात घासून घेत होती. आई बाल्कनीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. इरा तोंड पुसत तिकडे गेली.

"आजी, तुझी पेस्ट काळी का?"

"म्हाताऱ्यांची तशीच असती," आई म्हणाल्या आणि त्यांनी डबीचं झाकण लावलं.

दवाखाना नारायण पेठेत. मेट्रोने डेक्कनला उतरून नदीवरचा पूल ओलांडला की पायी जाता येतं. वाटेत उपमा खाल्ला, कारण आईंना पोहेसुद्धा चाववत नव्हते. दवाखान्यात आमच्याआधी दोघे बसलेले. एक गाल सुजलेला तरुण, मांडीवर लॅपटॉप. दुसरे पेठेतलेच आजोबा.

"मी दोनदा ब्रश करतो, फ्लॉसही करतो. तरी रूट कॅनॉल," तरुण मला सांगत होता.

"आणि त्या बाटलीत काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"एनर्जी ड्रिंक. नाइट शिफ्ट असते ना."

"मग ब्रश तरी कशाला करता?"

आई आजोबांच्या दातांकडे बघत होत्या. "सगळे तुमचेच हायेत?"

"भाड्याने घेतलेले नाहीत," आजोबा म्हणाले.

डॉक्टर बाईंनी पेनाएवढा कॅमेरा आईंच्या तोंडात घातला आणि समोरच्या पडद्यावर ते तोंड भिंतभर उमटलं. झिजून तपकिरी झालेल्या दाढा, ओलसर गुलाबी गाल आणि त्यावर सुरकुतलेल्या सायीसारखा चट्टा. मी बघत राहिले. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण हे मी कधी पाहिलं नव्हतं. आईंनीही नाही.

"मिशरी किती वेळा, आजी?"

"सकाळी. आन् जराशी दुपारी."

"आणि?"

"संध्याकाळी."

"रात्री झोपता, हे बरं आहे." मग त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. "आजपासून बंद. तीन-चार आठवड्यांनी बघू. चट्टा तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

"क्यान्सर हाय का?"

"आत्ता तसं वाटत नाही. पण असा चट्टा तिकडे वळू शकतो."

आईंनी कनवटीची डबी काढली. "ही कुठं टाकू?" डॉक्टरांनी पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

खरं सांगते, घरी गेल्यावर नवी डबी येणार असंच मला वाटलं होतं. मिशरी सुटल्यावर त्यांचं डोकं ठणकायचं, पोट साफ होत नव्हतं, चहा कडू लागायचा. एकदा माझ्यावर ओरडल्या, मग स्वतःच उठून शेताच्या बांधापर्यंत चालत गेल्या आणि घामाघूम होऊन परत आल्या. डबी आली नाही.

दुसऱ्या फेरीत डॉक्टरांनी गाल ताणून ताणून पाहिला. चट्ट्याच्या जागी पुसट रेघ उरली होती.

"हे औषधाने झालेलं नाही, आजी. तुम्ही केलंय. पण तपासायला येत राहायचं."

"मग दाढ कवा काढताय?" आईंनी विचारलं. माझेच डोळे भरून आले होते.

गावात आमच्या ओट्यावर दुपारी अजूनही बायका जमतात, मिशरी लावतात. त्या वासात आई रिकाम्या हाताने बसतात. मला सकाळचा चहा दोन दिवस सोडता येत नाही, आणि ही बाई हे रोज करते. काल शेजारच्या शांताकाकूंनी तोंड धुऊन स्वतःचा गाल बोटाने ओढला. "माझ्यात बी हाय का बघ गं तसलं."

आईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि बराच वेळ आत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "सोमवारी पुण्याची पहिली गाडी कवा हाय? तिघींची तिकिटं काढ."