रविवारी वाचनालय उघडलं, भरितासाठी

मंडळी, आज डोकं फिरलंय. आमच्या वॉर्डातलं वाचनालय रविवारीही उघडं राहावं म्हणून अख्खा ऑक्टोबर मी नगरसेवक नानांच्या मागे फिरलो. पुस्तक घेऊन बसायचे निवांत दिवस अर्ज आणि बैठकांत गेले.

आज पहिल्यांदाच रविवारी उघडलं. गेलो, तर अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताहेत, आत वाचनाच्या टेबलावर पुऱ्या लाटताहेत. नानांची प्रचाराची भरीत पार्टी!

"नाना, हे काय?"

"भाऊ, रविवारी उघडं पाहिजे व्हतं ना तुले? देख, बठ्ठा वॉर्ड येल शे!"

बठ्ठा म्हणजे खरंच अख्खा वॉर्ड जेवायला आलेला! शिवाय जेवणाऱ्या प्रत्येकाची सही वाचकांच्या वहीत. ही गर्दी दाखवूनच पुढचे रविवार मंजूर होणार म्हणे.

या सह्या वाचणाऱ्यांच्या नाहीत, जेवणाऱ्यांच्या आहेत हे कळवलं, तर रविवारी पुन्हा कुलूप. तुम्हीच सांगा, तक्रार करू, की तोंड मिटून वाचत बसू?