नदीतल्या दगडांवर सुमित्राबाई

वुडलँड्स भागात एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या सुमित्राबाई दामल्यांचे यजमान निशिकांत बत्तीस वर्षं जहाजावर इंजिनियर होते. त्यांनी साठेक बंदरं पाहिली, बहुतेक सगळी इंजिनरूममधून. निवृत्तीनंतर कुणी प्रवासाचं नाव काढलं की म्हणायचे, "माझं जग पाहून झालंय." सुमित्राबाईंचं झालं नव्हतं. शेजारच्या मिसेस लिमनी चीनच्या सहलीला येणार का विचारलं, तेव्हा त्यांनी पाच दिवसांच्या आमट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवल्या, डब्यांवर वार लिहिले आणि निघाल्या.

सहलीत बावीस जण होते. त्यांतल्या एकवीस जणांना मँडरिन येत होतं. गाइड पाव तास बोलायचा आणि मिसेस लिम त्याचं भाषांतर करायच्या, "व्हेरी ओल्ड."

हुनान प्रांतातलं ते गाव नदीच्या दोन्ही काठांवर होतं. लाकडी घरं उंच खांबांवर उभी राहून पाण्यात डोकावत होती. खाली दुकानं. आल्याच्या वड्या, चांदीचे दागिने, पुन्हा आल्याच्या वड्या. जुन्या काळचे पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या मुली तर पावलोपावली. चौघींनी सुमित्राबाईंबरोबर फोटो काढला आणि साडी-स्वेटर कुठल्या दुकानात भाड्याने मिळतं, तेही खुणांनी विचारून घेतलं.

नदी ओलांडायला पाण्यात चौकोनी दगडांच्या दोन रांगा होत्या. गाइड झेंडा उंचावून पुढे गेला, मंडळी पटापट त्याच्यामागे. अर्ध्यावर सुमित्राबाईंनी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. पाणी धावत होतं आणि त्यांना वाटलं, आपला दगडच धावतोय. पाय उचलेना. मागे माणसं तुंबली. झेंडा पलीकडच्या गल्लीत शिरला.

"मी इथेच थांबते," त्या मराठीत म्हणाल्या. कुणीच हरकत घेतली नाही.

तेवढ्यात शेजारच्या रांगेवरून पाठीला टोपली बांधलेली एक म्हातारी आली. तिने काहीतरी विचारलं.

"गुडघे," सुमित्राबाई म्हणाल्या.

म्हातारीने त्यांचं मनगट धरलं आणि दटावत दटावत, एकेका दगडावरून पलीकडे नेलं. तिथेही मनगट सोडलं नाही. काठावरच्या पायरीवर त्यांना बसवलं, टोपलीतली पालेभाजी काढली आणि निम्मी त्यांच्या पुढ्यात टाकली. सुमित्राबाईंनी पदर खोचला.

तासभर दोघी भाजी धूत होत्या. म्हातारी तिच्या बोलीत बोलत होती, सुमित्राबाई मराठीत. मुलगा लांब कुठेतरी कारखान्यात आहे आणि सून गोड बोलते पण फोन करत नाही, एवढं सुमित्राबाईंना समजलं. कसं, ते त्यांना आजही सांगता येत नाही. मग त्यांनी आपल्या मुलाबद्दल, अवधूतबद्दल सांगितलं. "पुंगोलला राहतो, म्हणजे जवळच. महिन्यातून एकदा येतो. पण बसला की सारखा घड्याळ बघतो हो." हे त्या निशिकांतांजवळसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. म्हातारीने हातातली जुडी जरा जास्तच जोरात झटकली.

गाइड त्यांना शोधत आला तेव्हा त्याचा झेंडा गुंडाळलेला होता आणि चेहरा लाल. तो बराच वेळ बोलला.

"लिटल बिट अँग्री," मिसेस लिम म्हणाल्या.

घरी आल्यावर निशिकांतांनी विचारलं, "काय पाहिलंस?"

"नदी होती. भाजी धुतली."

"भाजी इथे मिळत नाही का?"

 पुढच्या सोमवारी सुमित्राबाईंनी जवळच्या कम्युनिटी क्लबात मँडरिनच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्या दिवशी शिक्षिकेने प्रत्येकाला कारण विचारलं. कुणी धंद्यासाठी शिकत होतं, कुणी नातवंडांच्या अभ्यासासाठी.

"एका बाईशी बोलायचं राहिलंय," सुमित्राबाई इंग्रजीत म्हणाल्या आणि गावाचं नाव सांगितलं.

शिक्षिका संकोचली. तिकडच्या म्हाताऱ्या बायका आपापल्या बोलीत बोलतात, त्यांना हे मँडरिन फारसं समजायचं नाही, असं तिने जपून सांगितलं.

"असू दे," सुमित्राबाई वही उघडत म्हणाल्या. "मराठी तरी कुठे येत होतं तिला?"